रामाकाकांच्या घड्याळावरचं सोनं

आमच्या पप्पांना वास येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही, गॅस उघडा राहिला तरी कळणार नाही, म्हणून मम्मी त्यांना घरात एकटं सोडत नाही. वागळे इस्टेटला एका प्लेटिंगच्या कारखान्यात त्यांचं सगळं तरुणपण अ‍ॅसिडच्या टाक्यांवर वाकून गेलं. वाफ जाऊन जाऊन नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं. डॉक्टरने एका नाकपुडीत टॉर्च मारली तर उजेड दुसरीकडून दिसला. पप्पा हे जोक म्हणून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काय ते अजून कळलेलं नाही.

तो कारखाना बंद झाला तेव्हा पप्पांनी कल्याणला गल्लीत छोटं दुकान घेतलं. बाहेर पाटी आहे, मारुती वॉच केस पॉलिश. घड्याळाचं मशीन दुरुस्त करणारे कल्याणात ढीगभर आहेत. पप्पांना मशीनचं पण येतं, पण त्यांचं खरं काम घड्याळाच्या अंगाचं. वरचा डबा, ज्याला केस बोलतात, तो झिजला, पिचला, पिवळ्याचा तांबूस झाला की तो परत नवा करायचा. सोन्याचं पाणी चढवायचं.

मी त्यांची मुलगी, संचिता. नववीत मी शाळेत जायची बंद झाली. कारण काय विचारू नका, मला बसवायचंच नाही त्या बाकड्यावर. सगळे नातेवाईक घरी येऊन बोलून गेले. आत्या बोलली, लग्न लावून टाका. पप्पांनी दुसऱ्या दिवशी दुकानातलं अर्धं काउंटर रिकामं केलं, एक स्टूल आणून ठेवलं आणि बोलले, बस. तिथे मी आता मोबाईलची कव्हरं विकते, ग्लास लावून देते. पुढे मी, मागे पप्पा. त्या स्टुलावर बसल्यापासून पप्पांना कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे येतात त्यातली बरीच घड्याळं लग्नातली असतात. जावयाला सासऱ्याने घड्याळ आणि अंगठी द्यायची. आता जावई स्मार्टवॉच मागतात, पण पूर्वी सोनेरी एचएमटी मिळालं म्हणजे जावई एकदम साहेब. अंगठी पुढेमागे मोडली जाते. घड्याळ मोडून हाताला काही लागत नाही, म्हणून ते मनगटावर राहतं आणि माणसासोबत झिजत जातं.

पप्पा आधी मशीन काढून डबीत ठेवतात. रिकाम्या केसवर घामाचा हिरवा मळ धरलेला असतो, तो ब्रशने काढतात. खड्डे भरतात. मग बफचं, म्हणजे घासायचं कापडी चाक चालू करतात आणि त्यावर केस धरतात. चाकावर सगळं सारखं होतं, उरलंसुरलं सोनं, ओरखडे, पिचलेल्या कडा. मग रिठ्याच्या पाण्यात धुवायची, तांब्याच्या तारेला टांगायची, आधी निकेलचा हात, मग सोन्याचं पाणी. बाहेर काढून पुसली की पप्पा ती माझ्या डोळ्यांसमोर धरतात आणि विचारतात, सांग खड्डा कुठे होता. मला आजपर्यंत एकदाही सांगता आलेलं नाही. पप्पांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असतं. त्यांचं बोलणं एकच, जुनं ओळखू आलं तर मी काय काम केलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर रामाकाका आले. मोहन्याचे. तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते, कंपनी बंद झाल्यापासून घरी. उंच, वाळलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी मनगटावरून घड्याळ काढून पप्पांच्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं पितळेचंच आहे. सोनं फक्त पट्ट्याखाली लपलेल्या जागी उरलेलं. एका बाजूला मोठा खड्डा, कंपनीत मशीनवर आपटलेला. काच पिवळी. पण चालत होतं.

काका गप्पिष्ट. लगेच सांगायला लागले की सासऱ्याने लग्नात दिलेलं, आणि बायको अजून टोमणे मारते, माझ्या बापाने सोन्याचं दिलेलं, तुम्ही त्याचं पितळ केलंत. आता तिला दाखवायचं होतं. घरी फक्त एवढंच सांगून आलेले की मशीन साफ करायला टाकतोय. सोन्याचं बोललेलेच नाहीत.

"मिस्त्री, असं करा की तिने हात धरून विचारलं पाहिजे, हे कोणाचं घालून आलात."

पप्पा हसले. त्यांना असं गिऱ्हाईक आवडतं. बोलले, वहिनींना नाही ओळखू येणार, गॅरंटी.

मध्ये एकदा काका उगाच येऊन गेले. घड्याळ अजून तयार नव्हतं. दुकानाच्या पायरीवर उभे राहून मलाच विचारत होते, मारुतीचं दुकान कुठे आहे. वर पाटी, आत पप्पा. मी बोलली, काका, तुम्ही दुकानातच उभे आहात. ते हसले, मी पण हसली. म्हातारी माणसं मस्करी करतात.

घड्याळ तयार झालं त्या दिवशी पप्पांनी त्यांच्या मनगटावर स्वतः बांधलं. खरं सांगते, असं काम पप्पांनी पण क्वचित केलं असेल. खड्डा गायब, कडा धारदार, नवी काच, आणि रंग असा की नुकतंच खोक्यातून काढलंय. काका बराच वेळ हाताकडे बघत बसले. मग बोलले, "हे माझंच का?"

पप्पांना ती शाबासकी वाटली. काका उठले, मला बोलले येतो बाळा, आणि गर्दीत शिरले. पप्पांनी दिवसभर गाणं गुणगुणलं.

नंतर थंडी पडली, कामं आली, गेली. आम्ही विसरून गेलो.

मग एक दिवस एक पोरगा आला. माझ्याच वयाचा, थोडा मोठा, कुरिअर कंपनीचं टीशर्ट, दाढी वाढलेली. मोबाईल पुढे करून फोटो दाखवला. वडील हरवलेत, बोलला. घरातून निघाले ते परत आले नाहीत. त्यांना विसरायला होत होतं, म्हणून हल्ली हल्ली एकटं सोडत नव्हतो, तरी मधूनच सटकायचे, त्या दिवशी कधी सटकले कळलं नाही. फोटो रामाकाकांचा होता. पोराचं नाव सुमित.

तो घड्याळवाल्यांकडे का फिरत होता तेही त्याने सांगितलं. वडिलांचं जुनं एचएमटी कुठेतरी साफ करायला टाकलेलं. आई बोलते, ते बाकी सगळं विसरतील, घड्याळ नाही विसरणार. ज्या दुकानात ते असेल तिथे ते घ्यायला येणारच. तर ते दुकान शोध आणि सांगून ठेव, आले की बसवून ठेवा. अख्ख्या कल्याणात विचारून झालेलं, आमची गल्ली शेवटची.

पप्पा मागून उठून पुढे आले. बोलले, "अरे ते तर घेऊन गेले. दिवाळीनंतरच. हातात घालून गेले, सोन्याचं पाणी चढवलेलं मी."

सुमितने मोबाईल खाली केला. विचारलं, सोन्याचं म्हणजे किती सोन्याचं. पप्पांना प्रश्न कळला नाही. त्यांनी आपलं सांगितलं, पूर्ण, नव्यासारखं. तर तो पोरगा माझ्या काउंटरला धरून तिथेच खाली बसला. मी पाणी दिलं, घेतलं नाही.

मग त्याने जे सांगितलं ते असं. वडील हरवल्यावर काही दिवसांनी पोलिसांचा फोन आलेला. ठाकुर्लीजवळ रुळावर एक माणूस सापडलाय, वय जुळतंय, येऊन बघा. चेहरा बघण्यासारखा राहिलेला नव्हता. अंगावरचे कपडे दुसऱ्याच कोणाचे, वडिलांचे नव्हते. फक्त हातात घड्याळ होतं. सुमितच्या आईला, शीलाकाकूंना, ते दाखवलं. चकाचक सोनेरी. काकूंनी एकदा बघितलं आणि बोलल्या, हे यांचं नाही. यांच्या घड्याळावर सोन्याचा थेंब नाही उरलेला, आणि मशीन साफ केल्याने काय सोनं चढतं का. तिथून बाहेर पडल्यावर काकूंनी सगळ्यांना चहा पाजला, सुमित बोलला. आई खूश होती. दुसऱ्या कोणाचा तरी नवरा मेला होता.

त्या माणसाला न्यायला कोणीच आलं नाही. पोलिसांनी मुदत संपल्यावर बेवारस म्हणून जाळला.

पप्पांनी दिवस विचारला, काका घरातून निघाले तो आणि घड्याळ नेलं तो एकच निघाला. मग हळूच बोलले, असं घड्याळ दुसऱ्या कोणाकडे पण असू शकतं.

हे पण खरं होतं. पण ओळखायचा एक रस्ता होता आणि तो पप्पांनी लपवला नाही. घड्याळवाल्यांची पद्धत असते, घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाला आतल्या बाजूने सुईने बारीक खूण ओरखडायची. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाही. परत कधी ते घड्याळ आलं तर कळावं आपण हात लावलेला. पप्पा 'मा' लिहितात आणि खाली दोन आडव्या रेघा मारतात. ते घड्याळ पोलिसांकडे अजून असेल तर झाकण उघडलं की संपलं.

सुमित उठला. बोलला, "काका, नका उघडू. आई रोज भाकऱ्या करते, खाते, झोपते. तिला वाटतंय ते येतील. ती इथे आली तर बोला, कोणी आलं नव्हतं." आणि गेला.

माझ्या डोक्यात विषय तिथेच संपला. ज्याचा बाप त्यानेच सांगितलं ना. मग आपण कोण. घरी मम्मीला सांगितलं तर ती पण हेच बोलली, पोलिसांच्या लफड्यात पडू नका, उद्या तुमच्यावरच येईल. पप्पा जेवत नव्हते. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. बोलले, ती बाई दुकान शोधतेय. दुकान तर माझं आहे.

मी बोलली, "पप्पा, तुम्ही तुमचं काम केलंत. चांगलं केलंत. चांगलं काम करणं गुन्हा आहे का?"

ते बोलले, नाही. आणि ताट सरकवलं.

पुढचे काही दिवस चाक चालू झालं नाही. केस हातात घ्यायचे, भिंगातून बघायचे, ठेवून द्यायचे. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होती. मोहन्याला जाणारी रिक्षा समोरच्या नाक्यावरून सुटते आणि पप्पा चहा प्यायला पण तिकडे गेले तरी मी मागे बघत बसायची.

ते गेले नाहीत. काकूच आल्या.

छोट्याशा, गोल चेहऱ्याच्या, निळी साडी, हातात कापडी पिशवी. पोरगा नीट विचारत नाही म्हणून स्वतः फिरत होत्या. पिशवीतून फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. लॅमिनेट केलेला, लग्नातला, कडेला बाबासाहेबांच्या फोटोचा हार दिसत होता. रामाकाका एकदम पोरगे, आणि हात मुद्दाम पुढे धरलेला, घड्याळ दिसावं म्हणून.

काकू बोलल्या, "बघ गं पोरी, हे आता म्हातारे झालेत, पण नाक तेच आहे. आलेले का तुमच्याकडे?"

मी बोलली, "नाही आले."

मला बोलायला एक सेकंद पण लागला नाही. आणि मी आज पण तेच बोलेन.

मागून पप्पांचा आवाज आला. "आलेले."

मी वळून त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. पप्पा पुढे आले, माझं स्टूल ओढून काकूंना दिलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काका काय बोलले, काय ठरवलेलं, सोन्याचं पाणी कसं चढवलं, खड्डा कसा भरला, कोणत्या दिवशी नेलं. काकू ऐकत होत्या. मध्ये मध्ये मान हलवत होत्या, जसं आपण दुसऱ्याच्या घरची भानगड ऐकतो. पप्पांचं झालं तेव्हा बोलल्या, "भाऊ, तुमची काहीतरी गफलत होतेय. ते दुसरंच कोणाचं असेल."

पप्पा बोलले, असेल. उघडून बघू.

काकूंनी पिशवी उचलली. "चला मग. आत्ता चला. होऊन जाऊ दे."

मी दुकानाला अर्धं शटर लावलं आणि सोबत गेली. पप्पांना एकट्याला मी सोडणार नव्हती. रस्त्यात काकूंनी सुमितला फोन लावला. तो बाईकवरून आमच्या आधीच पोलिसांकडे पोहोचलेला. पप्पा रिक्षातून उतरतात तोच त्याने त्यांची कॉलर धरली. काय बोलत होता ते त्यालाच माहिती, शिव्या कमी आणि रडणं जास्त. पप्पा हात पण वर करेनात. मी मध्ये शिरली आणि त्याला असा ढकलला की तो मागच्या बाईकसकट पडला. बोलली, माझ्या बापाला परत हात लावलास तर बघ. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त सुमितला विचारलं, तुला माहिती होतं? तो पडलेली बाईक उचलायला लागला. काकू आत गेल्या.

आत रचना मॅडम म्हणून हवालदार होत्या. त्यांना काकू आठवत होत्या. कागद झाले, साहेबाला विचारून झालं, बसून बसून माझे पाय दुखले. मग एक प्लास्टिकची पिशवी आली, चिठ्ठी चिकटवलेली. घड्याळ बंद पडलेलं. काचेला तडा. पण सोनं तसंच, एक ओरखडा नाही. पप्पांचं काम असंच असतं.

पप्पांनी खिशातून भिंग काढलं, झाकण उघडायची पातळ सुरी काढली. टेबलावर घड्याळ पालथं ठेवलं. त्यांचा हात कधी हलत नाही, तेव्हा पण हलत नव्हता. रचना मॅडमना वाईट वाटत असावं. त्या पप्पांना हळू बोलल्या, "काका, नीट बघा. तुमचं नसेल तर नाही बोला, घाई नाही."

टक्क आवाज आला. झाकण सुटलं. पप्पांनी भिंग डोळ्याला लावलं आणि झाकण उजेडाकडे धरलं.

त्यांच्याशिवाय कोणाला काही दिसत नव्हतं. सुमित दारात उभा होता, तो डोळ्यांनी नको नको करत होता. मी पप्पांच्या इतक्या जवळ होती की त्यांचा श्वास ऐकू येत होता. मनात एकच, बोला नाही. बोला माझी खूण नाही. कोणाचं काय जाणार आहे, मेलेला मेला, जळलेला जळला, ही बाई घरी जाऊन भाकऱ्या करेल, तुम्ही चाक चालू कराल. तोंडातून एक शब्द, बस.

पप्पा बोलले, "माझी खूण आहे, वहिनी."

काकूंनी हात पुढे केला. त्यांना स्वतः बघायचं होतं. त्यांना भिंग डोळ्यात धरता येईना, सारखं गळून पडायचं. पप्पांनी ते त्यांच्या डोळ्यापुढे धरलं आणि झाकण हळूहळू फिरवलं. बऱ्याच वेळाने काकू बोलल्या, "मा." मग दोन बोटांनी आडव्या रेघा दाखवल्या. पप्पांनी मान हलवली.

"आणि मी त्यांना बेवारस करून आले," काकू बोलल्या. पप्पांकडे बघून नाही. कोणाकडेच बघून नाही. "चहा प्यायले मी."

पप्पांनी झाकण परत बसवलं.

नंतर डीएनए पण जुळला. पोलिसांनी नमुना ठेवलेला. मधल्या दिवसांत काका कुठे होते, त्यांना कोणी जेवायला दिलं, अंगावरचा शर्ट कोणाचा, हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. त्यांच्या हातातलं घड्याळ तेवढे दिवस कोणी काढून घेतलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मोहन्याला काकांचं पुण्यानुमोदन झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं, पप्पा तरी गेले, मी तरी मागून गेली. मंडपात पांढऱ्या कपड्यावर फोटो, मेणबत्त्या, भंतेजी त्रिशरण-पंचशील देत होते. पप्पा शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसले. सुमितने बघितलं, खिरीचा द्रोण आणून पप्पांच्या पुढे ठेवला आणि गेला. माझ्यापुढे पण ठेवला. तिथल्या दोन बायका कुजबुजत होत्या, हाच तो घड्याळवाला. मी त्यांच्याकडे बघितल्यावर गप्प झाल्या.

तेव्हापासून पप्पा बदलले. घड्याळ घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न, घरी कोणाला माहितीये का. घरच्या माणसाला फोन लावायला लावतात, व्हिडिओवर घड्याळ दाखवतात, आत्ता हे असं आहे, नंतर असं दिसणार नाही, नीट बघून घ्या. लोकांना राग येतो. परवा विनीत म्हणून एक डोंबिवलीचा आलेला, वडिलांच्या वाढदिवसाला त्यांचं घड्याळ गुपचूप नवं करून द्यायचं होतं. पप्पांनी घड्याळ त्याच्याकडे सरकवलं. तो बोलला, काका, सरप्राइज आहे, डोकं ठिकाणावर आहे का. मी त्याला पुढच्या गल्लीतलं दुकान दाखवलं आणि माझ्या पद्धतीने दाखवलं. असे बरेच गेले. आता बाकीचे घड्याळवाले पण पप्पांकडे काम पाठवत नाहीत, बोलतात, मारुती सटकलाय. दुकान माझ्या कव्हरांवर चाललंय. चालू दे. माझं काय जातंय.

उन्हाळ्यात काकू परत आल्या. वाळलेल्या. घड्याळ कोर्टातून सुटून हातात मिळालेलं, ते रुमालात बांधून आणलेलं. पप्पांच्या पुढे ठेवलं.

"भाऊ, हे सोनं काढून द्या. मला माझं पाहिजे."

पप्पांनी ते हातात घेतलं नाही. त्यांनी खरं ते सांगितलं. सोनं काढता येईल वहिनी, पण खाली जुनं उरलेलं नाही. झिजलेली कड, तो खड्डा, सगळं मी घासून, भरून सपाट केलंय. खाली नुसतं पितळ आहे.

काकू बोलल्या, तरी काढा.

किती दिवसांनी चाक चालू झालं. पप्पांनी केस चाकावर धरली. सोनं गेलं, मग खालचं निकेल गेलं, मग पितळ उघडं पडलं. पुसून काकूंच्या हातात दिलं. गुळगुळीत, पिवळट, एखाद्या नळाच्या तोटीसारखं. काकूंनी अंगठा फिरवला, जिथे खड्डा होता तिथे. परत फिरवला. मग उलटं करून पट्ट्याखालची जागा बघितली, जिथे थोडं सोनं असायचं.

"हे पण नाही," त्या बोलल्या.

घड्याळ काउंटरवर ठेवलं, रुमाल झटकून घडी केला, कमरेला खोचला आणि उतरल्या. पप्पा नाक्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, वहिनी, वहिनी करत. त्या वळल्या नाहीत. सुमितला फोन केला तर बोलला, ठेवा तुमच्याकडे, घरात नको.

ते आमच्या खणात आहे. उघडं पितळ हवेने काळं पडतं, कडेला हिरवं धरतं. परवा खण साफ करताना ते माझ्या हाताला लागलं. मी सवयीने कपडा घेतला आणि पुसायला लागली. पप्पा मागून एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. शाळा सोडली तेव्हा पण ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी कपडा ठेवला. घड्याळ होतं तसं खणात सरकवलं आणि खण लावला.